रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप आणि टाकळघाटची शिलावर्तुळे

आपल्या नांदगावच्या खंडेश्वराच्या देवळात जो शिलालेख आहे, तो यादव राजा कृष्ण याच्या कारकीर्दीतील, म्हणजे इसवी सनाच्या तेराव्या शतकाच्या मध्यावरचा आहे. दगड मुका असतो असे आपण म्हणतो. परंतु ज्या दगडावर शक कोरलेला असतो तो आपला जन्मकाळ स्वतःच सांगतो. ज्याला लिपी वाचता येते त्याचे काम तेथे सोपे होते. परंतु जमिनीतून माणसाची हाडे निघाली आणि त्यांच्यापाशी एक अक्षरही नसले, तर ती शंभर वर्षांपूर्वीची की पाच हजार वर्षांपूर्वीची हे कोणी व कसे सांगावे? हा प्रश्न आपल्या विदर्भात दीडशे वर्षांहून अधिक काळापूर्वी ज्यांच्यापुढे उभा राहिला, आणि ज्यांचे देहावसानही अशाच प्राचीन थडग्यांच्या पाहणीवरून परतताना झाले, त्या रेव्हरंड स्टीफन हिस्लॉपसाहेबांचे चरित्र आम्ही येथे थोडक्यात देत आहोत. नागपूरच्या हिस्लॉप कॉलेजामुळे त्यांचे नाव वऱ्हाडातील घराघरांत ठाऊक आहे. परंतु ते नाव ज्या गृहस्थाचे, त्याचे काम मात्र फार थोड्यांस ठाऊक असते.

स्टीफन हिस्लॉप यांचा जन्म ८ सप्टेंबर १८१७ रोजी स्कॉटलंडच्या बेरिकशायर परगण्यातील डन्स ह्या गावी झाला. हा परगणा भूगर्भशास्त्राच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. जेम्स हटन नावाच्या विद्वानाची शेती ह्याच परगण्यात होती, आणि १७८८ साली ह्याच परगण्याच्या समुद्रकिनाऱ्यावर, सिकार पॉइंट येथे, त्यांनी उभ्या खडकांच्या थरांवर आडवे थर बसलेले पाहिले. खालचे थर आधी तयार झाले, मग ते उचलले जाऊन उभे झाले, मग झिजले, आणि त्यानंतर त्यांच्यावर नवे थर साचले. एवढ्या घडामोडींस किती अफाट काळ लागला असेल, ह्याचा विचार त्यांनी जगापुढे मांडला. हिस्लॉप यांच्या जन्मापूर्वी हटन निवर्तले होते. परंतु खडकांचा थर हाच काळाचा हिशेब, ही दृष्टी त्या देशात तेव्हा रुजू लागली होती. लहानपणापासून हिस्लॉप यांस किडे, वनस्पती, दगड गोळा करण्याचा नाद होता. पुढे एडिंबरो व ग्लासगो येथील विद्यापीठांत त्यांनी शिक्षण घेतले व धर्मशास्त्राचा अभ्यास पुरा केला. १८४३ साली स्कॉटलंडच्या चर्चमध्ये मोठी फूट पडून फ्री चर्च स्थापन झाले, त्या नव्या चर्चच्या बाजूने ते उभे राहिले. पुढल्याच वर्षी त्यांची हिंदुस्थानातील सेवेसाठी नेमणूक झाली. पत्नी इरास्मा ह्यांच्यासह ते १८४४ च्या अखेरीस मुंबईस उतरले, आणि १८४५ च्या आरंभी नागपूरच्या प्रदेशात येऊन पोहोचले.

त्या वेळी नागपूरच्या गादीवर तिसरे रघूजी भोसले होते. सीताबर्डीस इंग्रजांचा रेसिडेंट राही व कामठीस त्यांची छावणी असे. आगगाडी नव्हती, प्रवास घोड्यावरून, बैलगाडीतून किंवा पायी करावा लागे. अशा मुलखात हिस्लॉपसाहेबांनी प्रथम मराठी शिकून घेतली. लोकांशी त्यांच्याच भाषेत बोलता आल्यावाचून ना उपदेश करता येतो, ना शाळा चालवता येते, हे त्यांनी ओळखले होते. १८४७ मध्ये रेव्हरंड रॉबर्ट हंटर हे त्यांचे सहकारी म्हणून येऊन मिळाले. दोघांनी मिळून शाळा चालविल्या, गावोगाव दौरे केले. दौऱ्यांत जेथे गोंड व इतर आदिवासी लोकांची वस्ती लागे, तेथे त्यांची भाषा, गाणी, देवदेवता, लग्नाच्या व मयताच्या चालीरीती हिस्लॉपसाहेब टिपून ठेवीत. गोंडांच्या लिंगो देवाची लांबलचक गीतकथा त्यांनी ऐकून उतरवून घेतली. ज्या लोकांचे कोणी काही लिहून ठेवीत नव्हते, त्यांचे ज्ञान कागदावर आणण्याचे हे काम आपल्या भागात आरंभी ज्यांनी केले, त्यांत हिस्लॉप यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

१८५३ च्या डिसेंबरात रघूजी निवर्तले व १८५४ मध्ये नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. राज्ये बदलत होती. परंतु ह्या दोघा मिशनऱ्यांचा एक उद्योग अखंड चालू होता, आणि तो म्हणजे पायांखालच्या जमिनीचा अभ्यास. सायंकाळी फिरावयास जावे आणि हातोडीने दगड फोडून पाहावे, असा त्यांचा क्रम असे. नागपूरनजीकच्या टाकळी येथे त्यांना काळ्या कातळाच्या दोन थरांमध्ये दबलेला एक वेगळाच थर आढळला, आणि त्यात गोड्या पाण्यातील गोगलगाईंचे शंख, झाडांची फळे व बिया, लाकडाचे तुकडे हे सारे दगड होऊन राहिलेले दिसले. सीताबर्डीच्या टेकडीतही तोच क्रम त्यांनी दाखवून दिला. त्याचा अर्थ असा की, लाव्हारसाचा एक लोट येऊन थिजला, मग दीर्घ काळ शांतता झाली, तळी साचली, झाडे वाढली, त्यांत जीव नांदले, आणि नंतर दुसरा लोट येऊन ते सारे झाकून गेले. आपल्या वऱ्हाडातील कपाशीची काळी जमीन ज्या कातळाच्या झिजेने झाली आहे, तोच हा कातळ होय. १८५५ मध्ये हिस्लॉप व हंटर यांचा नागपूर जिल्ह्याच्या भूगर्भावरील निबंध लंडनच्या भूगर्भशास्त्रीय संस्थेच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. नागपूरच्या दक्षिणेस मांगली येथे त्यांना बेडकाच्या जातीच्या एका प्राचीन प्राण्याची कवटी मिळाली. तिचे वर्णन रिचर्ड ओवेन या प्रख्यात शरीरशास्त्रज्ञाने केले. वरोऱ्याच्या बाजूस पिसदुरा येथे हिस्लॉपसाहेबांना प्रचंड आकाराची हाडे मिळाली. ज्या महाकाय सरड्यांस आज आपण डायनोसॉर म्हणतो, त्यांचीच ती हाडे होत. त्यांच्या सन्मानार्थ नागपूरकडील एका हिरव्या खनिजास हिस्लोपाइट हे नाव देण्यात आले.

येथे आमच्या विद्यार्थी वाचकांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. हिस्लॉपसाहेबांपाशी काळ ठरविण्याची दोनच साधने होती. पहिले साधन असे की, जो थर खाली तो आधीचा व जो वर तो नंतरचा. दुसरे असे की, दोन दूरच्या ठिकाणी एकाच जातीचे जीवाश्म मिळाले, तर ते दोन्ही थर साधारण एकाच काळचे. ह्या दोन साधनांनी कोण आधी व कोण मागून हे सांगता येते. परंतु किती वर्षे आधी, हे सांगता येत नाही. वर्गात मुले उंचीनुसार उभी केली तर कोण उंच व कोण ठेंगणे हे कळते. पण कोणाची उंची किती इंच, हे फूटपट्टीवाचून कळत नाही, तसेच हे. पिसदुऱ्याची हाडे कोणत्या थरांत आहेत एवढे हिस्लॉपसाहेब सांगू शकत होते. त्या काळ्या कातळाचे वय सुमारे ६ कोटी ६० लक्ष वर्षे आहे, हे मात्र विसाव्या शतकात, खडकातील किरणोत्सर्गी पोटॅशियमचे आर्गॉन वायूत किती रूपांतर झाले हे मोजल्यावर कळले. वर्षांची फूटपट्टी हिस्लॉप यांच्या काळी निर्माणच झालेली नव्हती.

ही उणीव सर्वांत जास्त भासली ती माणसांच्या हाडांच्या बाबतीत. नागपूरच्या आसपास माळरानांवर मोठमोठ्या गोल दगडांची वर्तुळे ठिकठिकाणी दिसतात. जुनापाणी, माहुरझरी, टाकळघाट, खापा, नायकुंड ही त्यांपैकी प्रसिद्ध ठिकाणे होत. वर्तुळाच्या आत दगडगोटे व माती यांची रास असते, आणि ती उकरली असता खाली मातीची भांडी, लोखंडाच्या कुऱ्हाडी, भाले, खंजीर, घोड्याच्या तोंडातील कड्या, तांब्याचे अलंकार आणि माणसांची मोडकी हाडे निघतात. ही थडगी होत, ह्याविषयी शंका नव्हती. परंतु कोणाची व केव्हाची? गावकऱ्यांस त्यांची आठवण उरली नव्हती. पोथ्यापुराणांत त्यांचा उल्लेख सापडत नव्हता. हिस्लॉपसाहेबांनी ह्या वर्तुळांकडे अभ्यासकाच्या दृष्टीने लक्ष दिले. गोंडांच्या मयताच्या चालींची ज्यांस माहिती होती, खडकांचे थर ज्यांस वाचता येत होते, अशी त्यांच्यासारखी व्यक्ती त्या प्रांतात दुसरी क्वचितच असेल.

तरीही उत्तर हाती येईना, आणि त्याचे कारण समजून घेण्यासारखे आहे. थडगे म्हणजे खड्डा. तो खणताना खालची माती वर येते व वरची खाली जाते. त्यामुळे खडकांच्या थरांचा सरळ नियम तेथे तसाच्या तसा लावता येत नाही. शिवाय वर्तुळातील हाडांत लोप पावलेल्या कोणत्याही प्राण्याचे हाड नव्हते. माणूस आजच्यासारखाच, घोडाही आजच्यासारखाच. लोखंड आहे, म्हणून लोखंडाचा वापर सुरू झाल्यानंतरचे, एवढेच काय ते खात्रीने म्हणता येई. त्या काळचे काही जाणकार युरोपातील तशाच दगडी वर्तुळांकडे पाहून ही थडगी मध्य आशियातील शकांची असावीत असा तर्क करीत. परंतु आकाराच्या साम्यावरून काळाचे किंवा वंशाचे अनुमान करणे किती धोक्याचे, हे पुढे दिसून आले.

हा काळ साऱ्या जगात ह्याच प्रश्नाने गाजत होता. १८५९ साली डार्विनचा प्रख्यात ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी इंग्रज विद्वानांनी फ्रान्समधील सोम नदीच्या काठी जाऊन, नामशेष झालेल्या हत्तींच्या हाडांबरोबर माणसाने घडविलेली दगडी हत्यारे सापडतात, ह्याची खात्री करून घेतली. १८६३ च्या आरंभी चार्ल्स लायेल यांनी मानवाच्या प्राचीनत्वावर ग्रंथ लिहिला. त्याच वर्षी ३० मे रोजी मद्रासजवळ पल्लावरम येथे रॉबर्ट ब्रूस फूट यांस दगडी कुऱ्हाड सापडली, आणि हिंदुस्थानातही अतिप्राचीन मानव राहत होता हे सिद्ध झाले. मानवाचा इतिहास सहा हजार वर्षांत बसतो, अशी समजूत त्या वेळी अनेक ख्रिस्ती लोकांत होती. हिस्लॉपसाहेब धर्मोपदेशक होते. परंतु त्यांनी आपला हातोडा खाली ठेवला नाही की आपली टिपणे थांबविली नाहीत. ईश्वराची सृष्टी जशी आहे तशी पाहणे ह्यात श्रद्धेला काही धोका आहे, असे त्यांच्या कृतीवरून तरी कोठे दिसत नाही. आमच्या मते त्यांच्या चरित्रातील हा भाग आजच्या विद्यार्थ्यांनी विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता त्या शेवटच्या दिवसाकडे वळू. नागपूर प्रांताचे प्रमुख अधिकारी सर रिचर्ड टेंपल यांस ह्या विषयाची आवड होती. नागपूरच्या दक्षिणेस, बुटीबोरीजवळ असलेल्या टाकळघाट येथील शिलावर्तुळे उकरून पाहावयाची असे ठरले, आणि त्यासाठी हिस्लॉपसाहेब त्यांच्याबरोबर गेले. तो दिवस ४ सप्टेंबर १८६३ चा. पावसाळ्याचे दिवस, पावसाची सर केव्हा येईल ह्याचा नेम नव्हता. वर्तुळांची पाहणी झाल्यावर मंडळी बोरीच्या मुक्कामाकडे निघाली. हिस्लॉपसाहेब मात्र गावातील शाळा पाहण्यासाठी मागे राहिले. मुलांची परीक्षा घेऊन ते एकटेच घोड्यावरून निघाले. वाटेत ओढ्याला अकस्मात पूर आला होता. तो ओलांडताना ते वाहून गेले. शोध करणाऱ्यांस त्यांचा देह मिळाला तेव्हा सारे संपले होते. पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य. सेहेचाळिसावा वाढदिवस अवघ्या चार दिवसांवर आला होता. जे शिक्षक आहेत व ज्यांची मुले शाळेत जातात, त्या सर्वांस ही गोष्ट चटका लावणारी वाटेल की, त्यांच्या आयुष्यातील अखेरचे काम एका खेड्यातील शाळेची पाहणी हे होते.

त्यांच्याबरोबर त्यांचे ज्ञानही बुडून जाण्याचा प्रसंग होता. आदिवासींविषयीची टिपणे अपुरी, न तपासलेली, अशीच मागे राहिली होती. टेंपलसाहेबांनी ती जुळवून १८६६ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध केली, म्हणून ती आज आपणांस वाचावयास मिळतात. १८८३ मध्ये मिशनने नागपुरास जे कॉलेज काढले, त्यास हिस्लॉप यांचे नाव देण्यात आले. शिलावर्तुळांचा प्रश्न मात्र तसाच राहिला. पुढे रिव्हेट-कार्नाक यांनी जुनापाणीची वर्तुळे उकरून त्यांतील वस्तूंचे वर्णन केले. तरीही काळाविषयी तर्कच चालू राहिले.

उत्तराची वाट शंभर वर्षांनी मोकळी झाली, आणि ती रसायनशास्त्रज्ञांनी केली. १९४९ साली अमेरिकेत विलार्ड लिबी व त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्ब-१४ ची पद्धत सिद्ध केली. तीबद्दल लिबी यांस १९६० चे नोबेल पारितोषिक मिळाले. ती पद्धत अशी. आकाशातून येणाऱ्या विश्वकिरणांमुळे हवेतील नत्रवायूपासून कर्बाचा एक विशेष प्रकार तयार होतो, तो कर्ब-१४. तो किरणोत्सर्गी असल्यामुळे हळूहळू नाहीसा होत असतो. झाडे हवेतून कर्ब घेतात, जनावरे झाडपाला खातात, माणसे दोन्ही खातात; म्हणून जिवंतपणी प्रत्येकाच्या शरीरात ह्या कर्बाचे प्रमाण हवेतल्याइतकेच राहते. मृत्यू आला की भर बंद होते व घट तेवढी चालू राहते. दर ५,७३० वर्षांनी तो निम्मा होतो. म्हणजे ५,७३० वर्षांनी अर्धा, ११,४६० वर्षांनी पाव, १७,१९० वर्षांनी दोन आणे उरतो. तीन चतुर्थांश शिल्लक असेल, तर सुमारे २,४०० वर्षे झाली असे गणिताने निघते. सुमारे ५०,००० वर्षांपलीकडे इतका थोडा कर्ब उरतो की मोजणी विश्वासार्ह राहत नाही.

१९६८–६९ मध्ये नागपूर विद्यापीठाच्या वतीने डॉ. शांताराम भालचंद्र देव यांनी टाकळघाट व खापा येथे शास्त्रशुद्ध उत्खनन केले. हिस्लॉपसाहेब ज्या स्थळावरून परतताना बुडाले, त्याच स्थळी १०५ वर्षांनी पुन्हा कुदळ पडली. पण ह्या खेपेस प्रत्येक टोपलीतील मातीचा हिशेब ठेवून. खापा येथे थडग्यांची वर्तुळे होती आणि टाकळघाट येथे त्या लोकांच्या वस्तीची पांढर होती. आता वाचकांस वाटेल की थडग्यातली हाडेच सरळ प्रयोगशाळेत पाठवावी. परंतु हाडातील जो भाग कालमापनास सर्वांत उपयोगी, तो कोलॅजन नावाचा चिकट द्रव्यांश, आपल्याकडील उष्ण हवेत व पावसाने भिजणाऱ्या मातीत बहुधा नष्ट झालेला असतो. उरतो तो चुन्याचा सांगाडा, आणि त्यात जमिनीतल्या पाण्याबरोबर बाहेरचा कर्ब मिसळतो. असे हाड मोजले तर आकडा मिळेल, पण तो खोटा असेल. म्हणून टाकळघाटच्या वस्तीतील नमुने घेतले गेले, व मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या प्रयोगशाळेत त्यांतील कर्ब-१४ मोजण्यात आला. वस्तीतील व थडग्यांतील काळी-तांबडी भांडी आणि लोखंडी वस्तू एकाच घडणीच्या असल्यामुळे दोन्ही एकाच लोकांची, म्हणून काळही एकच, असे अनुमान बांधता आले.

तो काळ इसवी सनापूर्वी सहाव्या शतकाच्या आसपासचा निघाला. पुढे माहुरझरी व नायकुंड येथेही देव व त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्खनने केली. नायकुंड येथे तर लोखंड गाळण्याची भट्टीच सापडली, आणि तेथील कालमापनही त्याच सुमाराचे, म्हणजे इसवी सनापूर्वी सातव्या-सहाव्या शतकाचे आले. अर्थात गौतम बुद्ध गंगेच्या काठी उपदेश करीत हिंडत होते त्याच्या थोडे आधी, किंवा त्याच सुमारास, आपल्या विदर्भात घोडे बाळगणारे व लोखंड गाळणारे लोक आपल्या मृतांस ह्या वर्तुळांत पुरीत होते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. हवेतील कर्ब-१४ चे प्रमाण सर्व काळ अगदी सारखे नव्हते. जुन्या वृक्षांच्या खोडांतील वर्षावर्षाची वलये मोजून शास्त्रज्ञांनी त्याची दुरुस्ती ठरविली आहे. ह्या दुरुस्तीत असे आढळते की, इसवी सनापूर्वी सुमारे ८०० ते ४०० ह्या चार शतकांतील वस्तूंचे कर्बमापन जवळजवळ सारखेच येते. म्हणून विदर्भातील थडगी नेमकी कोणत्या शतकातील, हे केवळ ह्या एका पद्धतीवरून बारकाईने सांगणे कठीण पडते. भांडी, मणी, हत्यारे यांची जोड द्यावी लागते. ज्ञान वाढले म्हणजे शंका संपतात असे नव्हे. शंका कोठवर खऱ्या आहेत, हे अधिक नेमके कळते.

हाडांच्या कालमापनाच्या इतर पद्धतींविषयीही दोन शब्द लिहितो. जमिनीतील पाण्यातून हाडांत फ्लोरिन हळूहळू मुरते. म्हणून एकाच जागच्या दोन हाडांत ज्यात फ्लोरिन अधिक, ते अधिक जुने. ही कल्पना हिस्लॉपसाहेब जहाजात बसले त्याच १८४४ साली जेम्स मिडलटन यांनी मांडली होती. शंभर वर्षांनी केनेथ ओकली यांनी ती वापरली आणि १९५३ मध्ये इंग्लंडातील पिल्टडाउन येथील गाजलेला प्राचीन मानव हा सरळसरळ बनाव असल्याचे उघडकीस आले. एका माणसाच्या कवटीस वानराचा जबडा जोडून विद्वानांस चाळीस वर्षे फसविण्यात आले होते. मात्र निरनिराळ्या ठिकाणच्या पाण्यात फ्लोरिन कमीजास्त असल्यामुळे वर्षे मोजण्यास ही पद्धत चालत नाही. कर्ब-१४ च्या आवाक्यापलीकडील हाडांसाठी युरेनियमच्या रूपांतराचा उपयोग करतात. १९८२ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे अरुण सोनकिया यांस नर्मदाकाठी हथनोरा येथे जी प्राचीन मानवी कवटी मिळाली, ती अशाच अतिप्राचीन अवशेषांपैकी होय; तिच्या नेमक्या काळाविषयी अजूनही मतभेद आहेत.

शिवाय वय व काळ ह्या दोन गोष्टींची गल्लत होऊ देऊ नये. दात किती उगवले व झिजले, लांब हाडांची टोके जुळली की नाही, यांवरून मरतेवेळी मनुष्य किती वर्षांचा होता हे कळते. कमरेच्या हाडांवरून स्त्री की पुरुष हे कळते. परंतु ते मनुष्य कितीशे वर्षांपूर्वी मेले, हे त्यावरून मुळीच कळत नाही. त्यासाठी हाड कोठे, किती खोलीवर, कोणत्या वस्तूंच्या शेजारी सापडले, हे ठाऊक असावे लागते.

ह्या लेखाचे आमचे मुख्य सांगणे हेच आहे. जागेवरून हलविलेले हाड जवळजवळ मुके होते. हिस्लॉपसाहेबांपाशी कर्ब-१४ नव्हता, यंत्रे नव्हती. पण कोणती वस्तू कोणत्या थरातून काढली हे प्रामाणिकपणे लिहून ठेवण्याची शिस्त होती, म्हणून त्यांचे निबंध आजही भूगर्भशास्त्रज्ञांच्या उपयोगी पडतात. उलटपक्षी विदर्भातील कित्येक शिलावर्तुळे नांगराखाली गेली, कित्येकांचे दगड बांधांस, घरांच्या पायांस व रस्त्यांच्या खडीस लागले. त्यांच्याखाली जे होते त्याचा काळ आता कोणत्याही प्रयोगशाळेस सांगता यावयाचा नाही.

आपला अमरावती जिल्हाही ह्या इतिहासापासून दूर नाही. वर्धेच्या काठचे कौंडिण्यपूर, जेथे आपण रुक्मिणीच्या माहेरी म्हणून यात्रेस जातो, तेथे डॉ. मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी उत्खनन करून जुन्या वस्तीचे थर उजेडात आणले, व १९६८ मध्ये त्यांचा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. तेव्हा विहीर खणताना, शेत सपाट करताना, किंवा नाल्याची दरड कोसळल्यावर आपल्यापैकी कोणास जुनी मडकी, राख किंवा हाडे दिसली, तर विद्यार्थ्यांनी ती उचलून घरी आणू नयेत व पालकांनी ती फेकून देऊ नयेत. जागा तशीच ठेवावी. कोणत्या शेतात, किती हात खोल, काय काय दिसले हे त्याच दिवशी तारखेसह वहीत लिहावे, आणि शिक्षकांमार्फत पुरातत्त्व खात्यास कळवावे. हाडे माणसांची असल्यास प्रथम पोलिसांस वर्दी द्यावी, कारण ती जुनी आहेत की नवी हे आपण नुसते पाहून ठरवू शकत नाही.

परदेशातून आलेल्या एका मनुष्याने आपली भाषा शिकून, आपल्या मुलखातील दगड, माणसे व थडगी यांची अठरा वर्षे मनोभावे दखल घेतली. त्यांनी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर त्यांच्या हयातीत मिळाले नाही. ते शंभर वर्षांनी ह्याच भूमीतील अभ्यासकांनी मिळविले. टाकळघाटच्या मातीत अजून पुष्कळ न वाचलेले शिल्लक आहे, आणि ते वाचणारे आज कोठल्या तरी शाळेच्या बाकावर बसलेले असतील, अशी आम्हांस आशा आहे.